चोरीच्या प्रत्येक बातमीत पोलिसांचा कुत्रा रस्त्यापर्यंत जाऊनच का थांबतो? आणि डॉग हँडलर व्हायला काय करावं लागतं?

तुमचं म्हणणं असं की पेपरात कायम तेच छापून येतं, "श्वान पथकास पाचारण करण्यात आले, श्वानाने मुख्य रस्त्यापर्यंत माग काढला व तेथेच घुटमळला", मग एवढा खर्च कशाला. आणि खाली जोडून हँडलर, म्हणजे कुत्रा सांभाळून त्याच्याकडून काम करून घेणारा पोलीस, कसं व्हायचं ते विचारलंय. दुसऱ्याचं उत्तर छोटंय, शेवटी देतो. पहिल्याचं मला कधीपासून द्यायचंच होतं, कारण माझी निम्मी नोकरी श्वान पथकात गेली आणि हे वाक्य मी पेपरात जितकं वाचलंय त्याच्यापेक्षा जास्त आमच्या साडूंच्या तोंडून ऐकलंय. साडू पण खात्यातलेच, पोलीस स्टेशनला होते.

कुत्रा रस्त्यावर थांबतो कारण चोर तिथून गाडीवर बसून जातो. एवढंच आहे ते. माणूस पायी चालतो तोवर त्याच्या अंगावरून कातडीचे बारीक कण गळत असतात, घाम असतो, पायाखाली गवत माती चिरडते तिचाही वास उठतो, कुत्रा हे सगळं धरून जातो. गाडीत बसला की माग तुटला. त्यात डांबर तापलेलं आणि वरून गाड्यांची वर्दळ. मग तिथे थांबला तर त्याचं चुकलं कुठे? त्याने सांगितलं की चोर इथवर चालत आला आणि इथे वाहन होतं. आता ते वाहन शोधणं माणसांचं काम आहे, कुत्र्याचं नाही.

मुळशीकडच्या एका बंगल्यातली घरफोडी सांगतो. माझ्याकडे तेव्हा तारा होती, डॉबरमन, मागावरची कुत्री. थंडीचे दिवस, भल्या सकाळी फोन आला, पुण्यातल्या शिवाजीनगरहून गाडी काढली. मनात म्हटलं दंव आहे, जमीन ओली आहे, वास छान धरलेला असणार. पोचून बघतो तर घरात जत्रा. शेजारचे, वॉचमन, मालकाचे पाहुणे, सगळे आतल्या खोलीत जाऊन फोडलेलं कपाट बघून आलेले, कुणीतरी कुलूप हातात घेऊन दाखवतंय, स्वयंपाकघरात चहा चाललाय. आणि घटनास्थळी सगळ्यात आधी पोचलेले हवालदार कोण, तर आमचे साडू. मी म्हटलं अहो हे काय, दार तरी लावून घ्यायचं. तर म्हणाले, "लोकांना काय हाकलून देऊ? तुझं कुत्रं एवढं हुशार आहे ना, मग शोधू दे की."

एका खोलीत वीस माणसं फिरून गेल्यावर कुत्र्याला वास द्यायचा कुणाचा? कपाट बाद, कुलूप बाद. मागे गेलो तर खिडकीचा एक गज वाकवलेला, खाली बोगनवेलीचं काटेरी झुडूप असल्यामुळे तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. त्या गजावर स्वच्छ कापसाची घडी थोडा वेळ दाबून ठेवली आणि ताराला तिचा वास दिला. ती दोनदा फिरली आणि कंपाउंडच्या भिंतीकडे ओढायला लागली. लोकांना वाटतं हँडलर नुसता मागे पळतो, पण सगळं काम हाताला कळत असतं. माग पक्का असला की लांब लीश, म्हणजे कुत्र्याला बांधलेली दोरी, ताणलेलं राहतं, एकसारखं जड लागतं, आणि माग सुटला की कुत्र्याची मान वर यायच्या आधी लीश हलकं पडतं, तिथेच आपण थांबायचं आणि त्याला परत शोधू द्यायचं, ओढायचं नाही. तारा भिंत ओलांडून भाताच्या खाचरात उतरली, बांधाबांधाने ओढ्यापर्यंत, ओढ्यात जरा अडली, पलीकडे जाऊन परत धरलं, आणि रस्त्याच्या कडेला एका वडाखाली आली. तिथे तिने एक गोल मारला, मान वर केली, आणखी एक मोठा गोल मारला, परत त्याच जागी आली आणि बसून माझ्याकडे बघायला लागली.

मी खाली बघितलं तर मातीत ऑइल गळल्याचा ताजा डाग आणि टायरची खूण. म्हटलं इथे गाडी उभी होती, फोटो घ्या, पंचनाम्यात लिहा, समोरच्या टपरीवाल्याला विचारा. साडू म्हणाले, "दमलंय ते, त्याला पाणी पाज." आणि पंचनाम्यात तीच ओळ गेली, रस्त्यापर्यंत माग काढला.

पुढे दुसऱ्या तालुक्यात एक टोळी सापडली, त्यांनी हाही गुन्हा कबूल केला. टेम्पो त्याच वडाखाली लावला होता, ड्रायव्हर आत बसून होता. टपरीवाल्याला त्या सकाळी विचारलं असतं तर गाडीचा रंग तरी कळला असता. साडू अजून म्हणतात केस कबुलीने सुटली, कुत्र्याने नाही. म्हणू देत. तारा त्या जागी बरोबर बसली होती हे मी स्वतः बघितलंय.

आणि खर्चाचं म्हणाल तर झंजीरचं नाव काढा. मुंबईच्या बॉम्ब शोधक पथकातला लॅब्राडोर, पण शिकला आमच्या शिवाजीनगरच्या सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात. १९९३ च्या स्फोटांच्या वेळी आणि नंतर त्याने ३३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब शोधून दिले. २००० साली हाडाच्या कॅन्सरने गेला. त्याने किती जीव वाचवले याचा हिशोब कुणी मांडूच शकत नाही. पुण्यात २०१० ला जर्मन बेकरीत स्फोट झाला तेव्हापासून गणपतीत, पालखीत, स्टेशनवर एखादी बेवारस बॅग दिसली की सगळ्यांना हेच कुत्रे आठवतात. स्फोटकांचा कुत्रा वास लागला की गप बसतो, भुंकत नाही, पंजा मारत नाही, तसंच शिकवलेलं असतं. आणि त्याला अमली पदार्थ शिकवत नाहीत, तो बसला तर नेमकं कशासाठी बसला हे कळलं पाहिजे ना. ड्रग्ज शोधणाऱ्या कुत्र्याला ड्रग्ज खाऊ घालतात असं लिहिणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार, असलं काही नसतं, वास सापडला की चेंडू मिळतो म्हणून तो शोधतो.

आता हँडलर. थेट भरती नसते, पोलीस भरती देऊन आधी शिपाई व्हावं लागतं, मग पथकासाठी इच्छुक विचारतात तेव्हा नाव द्यायचं. पिल्लू आणि तुम्ही काही महिने एकत्र शिकता, आधी सिट, स्टे, हील (पायाशी चालणं), मग वासाचं काम. रोज ब्रश, कान, पंजे, गोचीड बघणं आलंच. दिवाळीला गावी जायचं विसरा. बंदोबस्ताला उभं राहायला नको म्हणून जे येतात त्यांनी कृपा करून येऊ नये, कुत्र्याला ते आठवड्यात कळतं आणि तो त्यांच्यासाठी काम करत नाही.

एक सांगायचं राहिलं, कुत्रा चुकतोही. पाऊस, ऊन, आजारपण, सगळ्याचा फरक पडतो. कोर्टही नुसत्या कुत्र्याच्या मागावर शिक्षा देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच दफेदार खटल्यात १९६९ ला म्हटलंय की या पुराव्याला सहसा फारसं वजन नसतं, आणि ते योग्यच आहे, कुत्र्याची उलटतपासणी कशी घेणार. माग हा तपासाला दिशा द्यायला असतो.

म्हणून तुमच्याकडे कधी चोरी झाली तर खोलीचं दार लावून सगळ्यांना बाहेर काढा, कुलूप कडी काही उचलू नका, मागच्या बाजूला कुणाला फिरकू देऊ नका. आणि पहिले पोचलेले हवालदार स्वतःच पाहुण्यांना कपाट दाखवायला लागले तर त्यांनाही थांबवा, ते कुणाचेही साडू असले तरी.