एमआरएनएची ओढ आहे, मग बी.फार्म. घ्यावं की बायोटेक?

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला, बी ग्रुपला (जीवशास्त्राच्या) आहे. एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायचा निरोप देणारा रेणू, तो औषध म्हणून पेशीत पोचवणाऱ्या लिपिड (मेदाच्या) नॅनोकणांवर काम करायचं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. नीट द्यायची नाही म्हणते. तिचे काका म्हणतात, बी.फार्म. म्हणजे शेवटी औषधांचं दुकान. एका खासगी संस्थेत ‘नॅनोमेडिसिन’चा पदवी अभ्यासक्रम आहे, पण फी भरमसाट. काय करावं?
— एक आई, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर: ताई, तिला बी.फार्म.लाच घाला. सयाजीराव विद्यापीठाच्या फार्मसी फॅकल्टीत मिळालं तर उत्तमच, घरून जाऊन-येऊन होईल. इतकं ठामपणे सांगण्याचं कारण त्या कामातच आहे, म्हणून आधी ते काम काय आहे ते बघू.

एमआरएनए बनवण्याच्या बाजूचे मोठे अडथळे बरेचसे दूर झाले आहेत. कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना २०२३चं नोबेल मिळालं ते बाहेरून दिलेल्या एमआरएनएमुळे उठणारा दाह कसा टाळायचा, हे दाखवल्याबद्दल. खरं घोडं अडतं ते पोचवण्यात. हा रेणू लांबलचक, ऋण भाराचा, आणि रक्तातली आरएनेज विकरं त्याचे बघता बघता तुकडे करतात. म्हणून त्याला चार मेदांच्या कणात बंद करतात: आयनीकरणक्षम (पीएचप्रमाणे भार बदलणारं) लिपिड, डीएसपीसी हे फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि पेग या पॉलिमरची साखळी जोडलेलं लिपिड. सर्रास वापरलं जाणारं मोल-प्रमाण ५० : १० : ३८.५ : १.५.

यातलं पहिलं लिपिड सगळ्यात महत्त्वाचं. पीएच ४ला ते धन भाराचं असतं, म्हणून एमआरएनएला धरून ठेवतं. रक्ताच्या ७.४ पीएचला जवळजवळ भारहीन होतं, म्हणून विषारी ठरत नाही. पेशीने कण गिळला की तो एंडोसोम या पेशीतल्या पिशवीत जातो, तिथे पीएच पुन्हा उतरतो, लिपिड पुन्हा भारित होतं आणि एंडोसोमचं आवरण फोडतं. निदान फोडावं अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात आत गेलेल्या मालातला जेमतेम काही टक्के भागच बाहेर सुटतो. या विषयातला सर्वांत मोठा न सुटलेला प्रश्न हाच आहे. दुसरा प्रश्न यकृताचा. शिरेतून दिलेल्या कणांवर रक्तातलं एपीओ-ई प्रथिन चिकटतं आणि ते यकृताच्या पेशींत ओढले जातात. २०१८ साली मान्यता मिळालेल्या पॅटिसिरानला, म्हणजे एसआयआरएनएच्या (जनुक गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएच्या) औषधाला, हेच हवं होतं. फुप्फुसात किंवा मेंदूत न्यायचं तर मात्र नव्याने डोकं चालवावं लागतं.

आता लेकीला एक गणित घाला. १०० मायक्रोग्रॅम एमआरएनएसाठी किती लिपिड लागेल? १ मायक्रोग्रॅम आरएनएत साधारण ३ नॅनोमोल फॉस्फेट असतं, म्हणजे एकूण ३०० नॅनोमोल. आयनीकरणक्षम लिपिडमधला, धन भार धरणारा नायट्रोजन त्याच्या सहापट घेतात, म्हणजे १.८ मायक्रोमोल. एसएम-१०२ या अशा लिपिडचा रेणूभार ७१०, तेव्हा ते सुमारे १.२८ मिलिग्रॅम. हे एकूण लिपिडच्या ५० टक्के, म्हणून सगळं मिळून ३.६ मायक्रोमोल. त्यात ३८.५ टक्के कोलेस्टेरॉल, रेणूभार ३८७, म्हणजे जवळपास ०.५४ मिलिग्रॅम. उरलेली दोन तिने काढावीत. अकरावीच्या मोल संकल्पनेपलीकडचं यात काही नाही. हे करताना तिला मजा आली तर क्षेत्र तिचं आहे. कंटाळा आला तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

प्रयोगशाळेत हे मेद इथेनॉलमध्ये विरघळवतात, एमआरएनए पीएच ४च्या सायट्रेट बफरमध्ये, आणि १ भाग इथेनॉलला ३ भाग बफर असे दोन प्रवाह सूक्ष्म वाहिन्यांच्या मिक्सरमध्ये भेटवतात. मिसळणं मिलिसेकंदांत व्हावं लागतं. हळू झालं तर कण मोठे आणि लहान-मोठे निघतात. मग बफर बदलून इथेनॉल काढतात आणि पीएच ७.४वर आणतात. यात दिरंगाई झाली की कण एकमेकांत मिसळून फुगतात. आकार साधारण ६० ते १०० नॅनोमीटर आणि पीडीआय (कण किती लहान-मोठे आहेत ते सांगणारा आकडा) ०.२च्या आत हवा. आत किती एमआरएनए अडकलं ते आरएनएला चिकटून चमकणाऱ्या रायबोग्रीन रंगाने मोजतात: आधी तसंच, मग ट्रायटन हे साबणासारखं द्रव्य घालून कण फोडून. आधी ८ आणि नंतर १०० आलं, तर ९२ टक्के आत आहे.

घोटाळे बहुधा साध्या जागी होतात. फ्रीजरमधली लिपिडची बाटली खोलीच्या तापमानाला यायच्या आधी उघडली, तर आत दव धरतं. आयनीकरणक्षम लिपिड ऑक्सिडाइझ झालं, तर त्यातून निघालेले आल्डिहाइड एमआरएनएला चिकटतात आणि त्यापासून प्रथिन बनत नाही, पण आकार आणि रायबोग्रीनचे आकडे मात्र झकास येतात. हातमोजे न बदलता टिप बॉक्समध्ये हात घातला की आरएनेज आलंच. पेग जास्त झालं तर कण स्थिर राहतो, पण पेशी त्याला जवळ करत नाही.

हे सगळं वाचून लक्षात येईल की इथे जीवशास्त्राइतकंच भौतिक रसायन, बफर, स्थिरता आणि मोजमाप लागतं. हेच फार्मास्युटिक्स, म्हणजे औषधाला वापरण्याजोगं रूप देण्याचं शास्त्र. नुसत्या बायोटेकच्या पदवीत त्यातलं फार थोडं हाताखालून जातं. बी.फार्म.ला बी ग्रुप चालतो आणि नीट लागत नाही, गुजसेट ही गुजरातची प्रवेश परीक्षा मात्र मनापासून द्यावी. चार वर्षांनी एम.फार्म.साठीची जीपॅट आणि नायपर या राष्ट्रीय औषधशास्त्र संस्थांची प्रवेश परीक्षा. गांधीनगरला नायपर अहमदाबाद आहे. एम.फार्म. फार्मास्युटिक्समधून केलं तर फॉर्म्युलेशन, विश्लेषण किंवा उत्पादनात नोकरी मिळू शकते. नवी लिपिडं स्वतः घडवायची असतील तर पीएच.डी.ला पर्याय नाही. तिचा खरा जीव सेंद्रिय रसायनात असेल तर बी.एस्सी. केमिस्ट्री, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी., हाही रस्ता तितकाच चांगला.

काकांनाही एक सांगा. एमआरएनएवर काम करणाऱ्या कंपन्या आपल्याकडे मोजक्याच आहेत. पुण्याच्या जेनोव्हाच्या लशीला जून २०२२मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली, पण एका कंपनीच्या भरवशावर करिअर आखू नये. मेदकणांचं कसब मात्र इतरत्रही चालतं. लायपोसोममधलं (मेदाच्या पोकळ कणातलं) डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध बनवणाऱ्या सन फार्माचं संशोधन केंद्र तुमच्या तांदलजातच आहे.

त्या खासगी संस्थेत पैसे भरण्याआधी स्वतः जाऊन विचारा: कणांचा आकार मोजायचं डीएलएस यंत्र आहे का? सूक्ष्म मिक्सर, उणे ८० अंशांचा फ्रीजर, पेशी वाढवायची खोली? आणि पदवीचा विद्यार्थी त्यांना वर्षातून किती तास स्वतः हात लावतो? उत्तरं माहितीपत्रकातून नकोत, प्रयोगशाळा दाखवा म्हणा. टाळाटाळ झाली तर तिथे एक पैसाही भरू नका.