तात्काळ म्हणजे किती वाजता

पुणे

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कोठडीत झालेल्या मृत्यूंच्या फाईली तपासायला तू होकार दिलास हे कळल्यावर आधी बरं वाटलं आणि मग काळजीही वाटली. वॉर्डात समोर रुग्ण असतो, त्याला विचारता येतं. इथे ज्याला विचारायचं तोच नसतो आणि त्याच्या वतीने बोलणारे सगळे कागद दुसऱ्यांनी लिहिलेले असतात.

फाईल हातात आली की आधी काय वाचायचं, असं तू विचारलंयस. आधी काय वाचायचं नाही ते सांगते: शवविच्छेदनाचा अहवाल. तो पिन लावून मागे ठेव. मृत्यूचं कारण एकदा कळलं की आपण सगळे शहाणे होतो. मग आधीची प्रत्येक तक्रार त्याच कारणाकडे बोट दाखवते आणि तुरुंगातल्या डॉक्टरला ‘हे कसं दिसलं नाही?’ असं विचारावंसं वाटतं. त्या डॉक्टरकडे तो अहवाल नव्हता. त्या रात्री त्याला जेवढं माहीत होतं तेवढंच तुलाही माहीत असलं पाहिजे, तरच तुझं मत न्याय्य होईल.

कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ मार आणि तिच्यावर वेळा मांडत जा. पहिली तक्रार कधी केली, कोणाकडे केली, त्याने पुढे कोणाला सांगितलं, कोणी तपासलं, गाडी कधी निघाली, रुग्णालयात नोंद किती वाजता झाली. ही माझी युक्ती नाही. 1894 च्या तुरुंग कायद्याचं कलम 15 काढून वाच. बंदी मेला की वैद्यकीय अधिकाऱ्याने नोंदवहीत काय लिहायचं ते तिथे सांगितलंय: आजाराची पहिली तक्रार किंवा लक्षण कोणत्या दिवशी, वैद्यकीय अधिकाऱ्याला पहिल्यांदा कळवलं कोणत्या दिवशी, मृत्यूपूर्वी त्याला शेवटचं कधी पाहिलं. गोऱ्या सरकारच्या कायद्यालासुद्धा कळलं होतं की तक्रार करण्याचा दिवस वेगळा आणि डॉक्टरला कळण्याचा दिवस वेगळा असू शकतो. आपलं अर्ध्याहून अधिक काम या दोन दिवसांच्या मधल्या जागेत असतं.

आता माझी चूक सांगते. सुरुवातीच्या दिवसांत एका जिल्ह्यातल्या तुरुंगाची फाईल आली होती. तिशीतला कच्चा कैदी, हृदयविकाराचा झटका, नैसर्गिक मृत्यू. तुरुंगाच्या अहवालात वाक्य होतं, ‘बंद्याने छातीत दुखत असल्याची तक्रार करताच त्यास तात्काळ रुग्णालयात हलविण्यात आले.’ मी मत दिलं, ‘उपचार योग्य व वेळेत.’ आठवड्याभरात चौकशी करणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांची एका ओळीची विचारणा आली: ‘तात्काळ म्हणजे किती वाजता?’

मला सांगता येईना. मग मुख्य फाटकाची नोंदवही मागवली, रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीचा केसपेपर मागवला. तक्रारीची नोंद रात्री 1:40 ची, गाडी फाटकाबाहेर पडली 4:30 ला, केसपेपरवर 4:55 आणि पुढे ‘ब्रॉट डेड’, म्हणजे आणला तेव्हाच मृत. मधले जवळजवळ तीन तास पोलीस गार्डची वाट बघण्यात गेले होते. ईसीजीचं यंत्र तुरुंगाच्या दवाखान्यात होतं, त्यातला कागद संपलेला होता. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी पहिल्या दहा मिनिटांत काढायचा, हे आपण इंटर्नला पहिल्याच आठवड्यात घोकून घेतो.

पण खरं दुखलं ते पुढे. औषधवाटपाची वही सहज म्हणून चाळली. पेन्सिलीने लिहिलेली, कडा तेलकट झालेली साधी वही. त्याच्या बंदी क्रमांकापुढे अ‍ॅसिडिटीची गोळी होती. आदल्या संध्याकाळीही होती, त्याच्या आदल्या दिवशीही. सलग तीन दिवस हा माणूस ‘छातीत जळजळतंय’ म्हणून खिडकीपाशी येत होता आणि गोळी घेऊन परत जात होता. त्याचा थोरला भाऊ अडतिसाव्या वर्षी असाच गेला होता, हे आईच्या जबाबात होतं. आईला ते ठाऊक होतं. तुरुंगात कोणी विचारलंच नव्हतं.

ते मत मी बदललं. पहिलं मत तसंच राहिलं असतं तर, हा विचार अजूनही मनातून जात नाही. म्हणून तुला सांगते, सरकारी मराठीतला कर्मणी प्रयोग दिसला की थांब. ‘औषधोपचार करण्यात आले’, ‘वरिष्ठांना अवगत करण्यात आले’, ‘समज देण्यात आली’. कोणी केलं ते वाक्यात नसतं, म्हणून ते तू शोधायचं. आणि ‘तात्काळ’ दिसला की पेन्सिलीने गोल कर. समासात घड्याळातली वेळ लिहिता आली तरच पुढे जा.

नैसर्गिक मृत्यू म्हटलं की बऱ्याच जणांच्या लेखी फाईल संपते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशातल्या तुरुंगांत 1,995 मृत्यू झाले, त्यांपैकी 1,773 नैसर्गिक म्हणून नोंदले गेले. म्हणजे तुझ्याकडे येणाऱ्या फाईली बहुतेक याच रकान्यातल्या असणार. क्षयरोग, फिट्स, मधुमेह, दमा, हृदयविकार. नैसर्गिक म्हणजे कोणी मारलं नाही, इतकंच. टाळता आला नसता, असा त्याचा अर्थ होत नाही. फिट्सच्या गोळ्या कोठडीतून तुरुंगात येताना मागे राहतात. इन्सुलिन घेणारा माणूस अटकेच्या धावपळीत दोन दिवस इन्सुलिनशिवाय काढतो. या मृत्यूंचं कारण नैसर्गिक आणि त्यांची वाट माणसांनी तयार केलेली.

पोलीस कोठडीतल्या मृत्यूंमध्ये दारू अचानक बंद झाल्याचा प्रश्न हमखास येतो, तेव्हा तासांकडे बघ. शेवटचा घोट कधी घेतला ते शोध. साधारण पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान डिलिरियम, म्हणजे भ्रम होऊन भान सुटणं. कागदावर त्याचं नाव ‘आरोपी रात्री आरडाओरडा करून गोंधळ घालत होता’ असं असतं. घाम, थरथर, भिंतीवर किडे दिसणं हे सगळं त्या ‘गोंधळा’च्या पोटात दडलेलं असतं. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच सांगितलंय की अटकेतल्या माणसाची दर 48 तासांनी डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. ती झाली का, एवढंच बघू नकोस. त्या तपासणीचा कागद काय म्हणतो ते बघ. ‘नो फ्रेश इंज्युरी, फिट’ (नवी जखम नाही, तब्येत ठीक) एवढी एकच ओळ असेल तर डॉक्टरने कपडे काढायला लावून तपासलं का, पोलीस खोलीत उभे होते का, हे विचार.

आणि एक गोष्ट, जी फिजिशियन म्हणून तुलाच दिसेल. मूत्रपिंड निकामी होऊन चार-पाच दिवसांनी मृत्यू, आधी आजार नाही, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची आणि कमी. अशा वेळी मांड्या, पोटऱ्या, नितंब आणि तळवे यांच्या नोंदी शोध. जबर मारहाणीत स्नायू फुटतात, त्यातले घटक रक्तात उतरून मूत्रपिंड बंद पाडतात. वरून कातडी फारशी फाटलेली नसते. क्रिएटिन कायनेजची, म्हणजे स्नायू फुटल्यावर रक्तात वाढणाऱ्या घटकाची, तपासणी कोणी पाठवली होती का बघ. शवविच्छेदनात हातापायांची कातडी उचलून आतली मऊ ऊती पाहिली का, हेही विचार. आता मागे ठेवलेला अहवाल उघडायची वेळ झालेली असते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 1993 च्या डिसेंबरमध्ये कोठडीतला मृत्यू 24 तासांत कळवायला सांगितलं, 1995 मध्ये शवविच्छेदनाच्या चित्रीकरणाचा आणि 1997 मध्ये नमुना अर्जाचा आग्रह धरला. चित्रीकरण मागून घे आणि संपूर्ण बघ. कंटाळवाणं असतं, मनाला त्रासही होतो. तरी बघ.

‘त्याच आजाराचा माणूस बाहेर असता तर त्याला काय मिळालं असतं?’ हे आपलं माप. इंग्लंड-वेल्समध्ये तुरुंगातल्या प्रत्येक मृत्यूची चौकशी स्वतंत्र लोकपाल करतो आणि त्यासाठी स्वतंत्र डॉक्टर उपचारांचा आढावा घेतो, त्यांचंही माप हेच. कैद्यांना कसं वागवायचं हे सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या मंडेला नियमांतही हेच आहे. मी ते पुण्यापुरतं सोपं करून घेतलंय. येरवड्याच्या झोपडपट्टीतला, खिशात पैसे नसलेला माणूस रात्री छातीत दुखतंय म्हणून रिक्षाने निघाला असता तर किती वेळात ससून या सरकारी रुग्णालयाच्या दारात पोहोचला असता? बंडगार्डनचा पूल ओलांडायचा, रस्ता मोकळा असेल तर वीसेक मिनिटं. मोठ्या इस्पितळातल्या महागड्या सोयींशी तुलना करू नकोस. त्या रिक्षाशी कर.

या रस्त्याला इतिहास आहे. 1924 च्या जानेवारीत येरवडा तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या गांधीजींना अपेंडिसायटिस झाला. त्यांना ससूनला आणलं, 12 तारखेच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, उरलेली शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पुरी केली. कैदी वाचला. वीस वर्षांनी नदीच्या येरवड्याच्याच बाजूला, आगाखान पॅलेसच्या स्थानबद्धतेत, कस्तुरबा गेल्या. तारीख 22 फेब्रुवारी 1944. त्यांना वैद्य हवे होते, निसर्गोपचार करणारे डॉ. दिनशा मेहता हवे होते. परवानग्यांसाठी पत्रं लिहावी लागली, त्यात दिवस गेले. वैद्यांना परवानगी मिळाली तरी सुरुवातीला रात्री आत राहता येईना, ते फाटकाबाहेर मोटारीत झोपले. ते लवकर आले असते तर बा वाचल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. हृदय थकलं होतं. पण दिरंगाई झाली, हे म्हणेन. ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि तुझ्या अहवालात ती कायम वेगळी राहिली पाहिजेत. ‘वाचला असता’ असं लिहायचा मोह होतो, विशेषतः आईचा जबाब वाचल्यावर. ‘वाचण्याची शक्यता होती’ एवढंच पुरावा म्हणत असेल तर तेवढंच लिही. आणि मरण अटळ असलेल्या कॅन्सरच्या रुग्णाला शेवटच्या दिवसांत कॉटला बेडी घालून ठेवलं असेल, तर मृत्यू अटळ होता म्हणून ती नोंद गाळू नकोस.

तुरुंगातल्या डॉक्टरबद्दल कठोर होण्याआधी त्याचा दिवस समजून घे. येरवडा तुरुंगाची क्षमता अडीच हजारांच्या आत, आणि आत बंदी कित्येकदा त्याच्या दुपटीहून जास्त. अशा ठिकाणी सकाळच्या ओपीडीत प्रत्येकाच्या वाट्याला किती मिनिटं येतात याचा हिशोब तूच कर. त्याने तीनदा ईसीजीचा कागद मागितल्याची पत्रं सापडली तर ती अहवालात तारखांसकट घाल. एका डॉक्टरला दोषी ठरवून मोकळं होणं सगळ्यांना सोयीचं असतं, म्हणून तसं करायला तुला हळूच सुचवलंही जाईल. मात्र समजून घेणं म्हणजे झाकणं नव्हे. ‘सोंग करतो’ असा शेरा जिथे असेल तिथे मी आजही कोणाचं ऐकून घेत नाही. सोंग हे निदान सगळं तपासून झाल्यावर करायचं असतं.

सोबतच्या बंद्यांचे जबाब शेवटी जोडलेले असतात, अंगठ्याचे ठसे असलेले, एकसारख्या भाषेत लिहिलेले. ते वगळू नकोस. एकाच साच्यातल्या दहा जबाबांत एखादं वाक्य साच्याबाहेरचं निघतं. ‘त्याला आम्ही चौघांनी चादरीत घालून दारापर्यंत नेला’ असं एक वाक्य मला मिळालं होतं. बंदी स्वतः चालत दवाखान्यात आला, असं वर लिहिलेलं होतं.

नातेवाईकांना भेटणं बहुधा तुझ्या अधिकारात नसेल. पण मुलाखतीच्या दिवशी त्यांना तो कसा दिसला, कोणती औषधं त्यांनी फाटकावर दिली होती, हे प्रश्न न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत विचारता येतात. त्यांच्या या चौकशीसाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 176(1अ) होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 196 आहे. त्या चौकशीत तुझे प्रश्न लेखी दे. प्रश्न थोडे आणि नेमके ठेव. एक आई गोळ्यांची रिकामी पाकिटं रुमालात बांधून घेऊन आली होती. त्या पाकिटांवरच्या तारखांनी जे सांगितलं ते अख्ख्या फाईलमध्ये नव्हतं.

पहिली फाईल आली की रविवारी सकाळी घरी ये. फाईल आणायची नाही, नावगाव काहीही आणायचं नाही. फक्त ती रेघ आण, वेळा मांडलेली, आणि जिथे वेळ सापडली नाही ती जागा रिकामी ठेवलेली. त्या रिकाम्या जागांबद्दल कोणती वही मागवायची, ते आपण बसून ठरवू.

तुझी,
मॅडम