स्लाइड पिना जाम झाल्या म्हणून पूर्ण कॅलिपर बदलावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: परभणीहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन आल्यावर आपल्या गाडीचे पुढचे डावे चाक उजव्यापेक्षा बरेच जास्त तापते, जवळ गेले की जळका वास येतो, ॲव्हरेजही कमी झाले आहे, आणि गॅरेजमध्ये चाक न खोलताच ‘कॅलिपर गेला, नवीन टाका’ असे सांगण्यात आले, तर स्लाइड पिना, म्हणजे ज्यांवरून कॅलिपर (पॅडने डिस्क दाबून धरणारा ब्रेकचा भाग) सरकतो त्या पिना, साफ करून काम भागेल का, आणि ते घरी करता येईल का? माझे उत्तर असे की पुष्कळदा भागते आणि घरी करताही येते. मात्र आधी नेमके काय अडकले आहे हे पाहिले पाहिजे, आणि पिनांना कोणते ग्रीस लावायचे हे पाना हातात घेण्यापूर्वी ठरवले पाहिजे, कारण आपल्या भागात ही दुरुस्ती फसते ती बहुधा ग्रीसमुळेच.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांना फ्लोटिंग प्रकारचा कॅलिपर असतो. त्यात पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोराच्या प्रतिक्रियेने कॅलिपरचा सांगाडा दोन पिनांवरून आतल्या दिशेने सरकून बाहेरच्या पॅडला डिस्कवर ओढतो. ब्रेकवरून पाय काढल्यावर हे सगळे मागे खेचणारी दणकट स्प्रिंग तिथे नसते. पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील दाबाखाली किंचित पिळलेले असते, ते पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेते, आणि बाकीचे काम फिरती डिस्क पॅडला हलकेच ढकलून करते. सुटण्याची ताकद मुळातच इतकी कमी असल्यामुळे पिनांमध्ये थोडासा चिकटपणा आला तरी पॅड डिस्कला घासत राहतो.

म्हणून पहिली तपासणी चाक न काढता करावी. सपाट जागी हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावून, पुढचे डावे चाक जॅकवर उचलावे, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून ब्रेक दाबून सोडावा आणि चाक हाताने फिरवून पाहावे. ते जड फिरत असेल तर कॅलिपरवरचा ब्लीडिंग निपल, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर काढण्याची छोटी तोटी, किंचित सैल करावा. ब्रेक ऑइलची पिचकारी उडून चाक मोकळे झाले तर दाब आतच अडकून राहतो आहे, म्हणजे दोष बहुधा आतून फुगलेल्या ब्रेक होजमध्ये (कॅलिपरला ऑइल पोचवणाऱ्या रबरी नळीत) किंवा पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये आहे, आणि पिना कितीही घासल्या तरी उपयोग होणार नाही. निपल सोडूनही चाक जड राहिले तर मात्र अडकलेली वस्तू पिस्टन, पिना किंवा ब्रॅकेटमध्ये (पिना आणि पॅड ज्यात बसतात त्या चौकटीत) रुतलेला पॅड यांपैकी एक आहे. निपल लगेच पुन्हा आवळावा आणि सांडलेले ऑइल पाण्याने धुवावे. ते रंग खाते.

आता गाडी स्टँडवर घेऊन चाक काढावे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. कॅलिपरचे दोन बोल्ट सोडताना एका हाताने पातळ फिक्स पान्याने पिन धरून ठेवावी, नाहीतर बोल्टबरोबर पिनही फिरते आणि तिच्यावरचा रबरी बूट, म्हणजे धूळ-पाणी अडवणारे टोपण, पिळवटून फाटतो. कॅलिपर निघाला की तो होजवर लोंबकळू देऊ नये. बांधकामाच्या तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगावा. मग प्रत्येक पिन बोटांनी धरून आत-बाहेर करून पाहावी. चांगली पिन थोड्या मऊ विरोधाने, पण अखंड सरकते. जी पिन सरकतच नाही किंवा अर्ध्यावर अडखळते ती दोषी. पॅडही पाहून घ्यावेत. आतला आणि बाहेरचा पॅड वेगवेगळे झिजलेले असतील किंवा एकच पॅड एका टोकाला जास्त झिजून उतरता झाला असेल तर पिनांवरचा संशय पक्का होतो. तरी केवळ पॅडवरून निकाल देऊ नये, कारण पिस्टन अडकला तरीही आतला पॅड लवकर झिजू शकतो. पिस्टनची परीक्षा सोपी आहे: जुना पॅड मध्ये ठेवून सी-क्लॅम्पने तो हळूहळू मागे दाबावा. एकसारखा मागे गेला तर पिस्टन ठीक आहे. दाबताना बॉनेटखालच्या टाकीतले ऑइल वर चढते, तिकडे लक्ष ठेवावे.

पूर्ण जाम झालेली पिन सरळ ओढून निघत नाही. ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट सोडून ब्रॅकेट व्हाइसमध्ये धरावे, गंज सोडवणाऱ्या तेलाचे थेंब सोडून थांबावे, आणि पिन पान्याने थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे अशी वळवत वळवतच बाहेर घ्यावी. तरीही हलली नाही तर बूट काढून ब्रॅकेटला बाहेरून गॅसची धग द्यावी लागते, पण ती फक्त सुट्या ब्रॅकेटला. ऑइल भरलेल्या कॅलिपरजवळ ज्योत नेऊ नये. बाहेर आलेल्या पिनेवर काळा, डिंकासारखा थर असेल तर तो चिंधीने आणि ब्रेक क्लीनरने निघतो. हलका गंज बारीक पॉलिश पेपरने पुसता येतो. परंतु नखाला लागतील असे खड्डे पडले असतील तर ती पिन टाकून द्यावी. पिना आणि बूट यांचा संच पूर्ण कॅलिपरच्या मानाने फारच स्वस्त मिळतो. भोकाची आतली बाजू गोल ब्रशने आणि काडीला गुंडाळलेल्या कापडाने स्वच्छ करावी; ती ड्रिलने किंवा जाड पॉलिश पेपरने मोठी करू नये, कारण मग कॅलिपर खडखडतो.

पिना काढतानाच कोणती वरची आणि कोणती खालची याचा फोटो घ्यावा. पुष्कळ गाड्यांत दोहोंपैकी एकीच्या टोकाला लहान रबरी बुश असतो आणि तिची जागा ठरलेली असते. अदलाबदल झाली तर साफ केलेले ब्रेकही पुन्हा अडकतात.

आता ग्रीसविषयी. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या निपलात भरतात ते ग्रीस प्रत्येक दुकानात आणि प्रत्येक गॅरेजच्या फळीवर असते, आणि ‘ग्रीस म्हणजे ग्रीस’ म्हणून तेच पिनांना फासले जाते. ब्रेकमधले रबर मुख्यतः ईपीडीएम या कृत्रिम जातीचे असते. ते ब्रेक ऑइलला टिकते, पण खनिज तेलाने फुगते. पिनेवरचा बुश फुगला की ती भोकात घट्ट बसते, बूट सैल पडतो, आणि पहिले काही आठवडे छान चाललेली गाडी पुन्हा तेच दुखणे घेऊन येते. याच कारणाने बूट पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुऊ नयेत, आणि वॉशिंग सेंटरवर गाडीखाली डिझेल फवारून घेण्याची जी पद्धत आहे ती ब्रेकच्या बाबतीत घातकच आहे. पिनांसाठी सिलिकॉनचे किंवा रबरला चालते असे स्पष्ट लिहिलेले, जास्त तापमान सोसणारे ब्रेक ग्रीसच घ्यावे. तांब्याचे ग्रीस पिनांना नको. गंज सोडवणारे तेल वापरले असेल तर त्याचा अंश राहू देऊ नये आणि त्या पिनेचा बूट नवीनच बसवावा.

बूट इतका महत्त्वाचा का, हे आपल्या मातीकडे पाहिले की कळते. पावसाळ्यात पांदण रस्त्याने शेतात गेलेल्या गाडीच्या चाकांच्या आत काळ्या मातीचा गारा भरतो, तो वाळून कॅलिपरभोवती दगडासारखा बसतो, आणि बुटाला सुईएवढी चीर असली तरी पाणी आणि बारीक माती आत शिरून पिनेवर गंज धरते. शेतावरून आल्यावर चाकांच्या आतून साध्या पाण्याने चिखल काढावा. जोराची धार मात्र थेट बुटावर मारू नये.

ग्रीस पिनेवर पातळ आणि सर्वत्र एकसारखे लावावे. भोक ठासून भरू नये: भोकाचे टोक बंद असते, जास्तीचे ग्रीस आणि हवा पिनेला मागे ढकलतात आणि नवीन पिनही अडकल्यासारखी वागते. पिन आत दाबून सोडल्यावर ती परत बाहेर येत असेल तर बुटाची कड किंचित उचलून हवा जाऊ द्यावी, मग कड तिच्या खाचेत नीट बसली की नाही हे बोट फिरवून पाहावे. पॅडचे कान ब्रॅकेटच्या ज्या क्लिपांमध्ये बसतात तिथला गंज ब्रशने काढावा. सगळे बोल्ट त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावेत. उजव्या बाजूच्या पिनाही याच बैठकीत करून घ्याव्यात, कारण दोन्ही चाकांचे वय आणि वाटेतली धूळ सारखीच असते.

गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहावे. पिस्टन मागे ढकललेला असल्याने पहिल्या काही दाबांना पेडल थेट खाली जाते, आणि हे विसरून गाडी काढली तर समोरची भिंतच ती थांबवते. त्यानंतर रिकाम्या रस्त्यावर मंद गतीने ब्रेक पाहावा, थोडे अंतर जाऊन यावे आणि दोन्ही पुढच्या चाकांची उष्णता हात न लावता, जवळ तळवा नेऊन ताडून पाहावी. पिस्टन क्लॅम्पनेही मागे जात नसेल, त्याच्या कडेने ऑइल झिरपत असेल किंवा ब्रॅकेटचे भोकच गंजून खराब झाले असेल, तर गॅरेजवाल्यांचे म्हणणे खरे आहे आणि तो भाग बदलावा; पण तसे असेल तर तो पिस्टन किंवा ते भोक खोलून दाखवायला त्यांना सांगण्यात संकोच बाळगू नये.