कऱ्हाडचे शासकीय महाविद्यालय की पुण्याचे खासगी विद्यापीठ?

साताऱ्याच्या एका वाचकांनी विचारले आहे: माझे वय 48, वार्षिक उत्पन्न 7.2 लाख. मुलाला मेकॅनिकलच करायचे आहे. सीईटीचे पर्सेंटाइल पाहता कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळेल असे दिसते. तेथे राहण्याजेवण्यासह वर्षाला सव्वा लाख लागतील. पुण्यातील एका खासगी विद्यापीठात पावणेचार लाख लागतील आणि आठ दिवसांत 50 हजार भरा असे ते म्हणतात. पीएफमधले पाच लाख काढून आणि दहा लाखांचे कर्ज घेऊन त्याला पुण्याला पाठवावे का?

पाठवू नये, असे माझे मत आहे. चार वर्षांत दोन्हींमधला फरक दहा लाखांचा दिसत असला, तरी प्रत्यक्षात तो बराच मोठा आहे. दरवर्षी अडीच लाख याप्रमाणे 10 टक्क्यांनी कर्ज उचलले आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षापर्यंत हप्ता भरला नाही, तर तोवर सरळ व्याजच साडेतीन लाख होते. मुद्दल आणि व्याज मिळून होणाऱ्या साडेतेरा लाखांचा दहा वर्षांचा हप्ता सुमारे 17,800 रुपये येतो. मेकॅनिकलच्या नव्या मुलाच्या हाती सुरुवातीला महिना 25 ते 30 हजार पडतील असे धरले, तर चाकणला खोलीभाडे देऊन हा हप्ता कसा भरायचा, हे मुलालाच कागदावर मांडायला सांगावे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत मिळते असे आपल्याला सांगितले जाईल. पण ती फक्त जुन्या करप्रणालीत आहे, आणि आपल्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत मुळातच कर लागत नाही.

पीएफला तर हात लावूच नये. सध्याचा 8.25 टक्के दर टिकला, तर हेच पाच लाख आपल्या 58व्या वर्षी अकरा लाख झालेले असतील.

कऱ्हाडच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या पत्रात आलेली नाही. उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याने, कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतल्यास राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळू शकते. खासगी विद्यापीठांना ही योजना लागू नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवावा.

पुण्याजवळ कारखाने आहेत, हा मुलाचा मुद्दा मी हलका मानत नाही. परंतु त्यासाठी उन्हाळ्यात दोन महिने तेथे राहून इंटर्नशिप करता येते, आणि तो खर्च काही हजारांत भागतो. विद्यापीठाच्या जाहिरातीतले सर्वांत मोठे पॅकेज बहुधा कॉम्प्युटरच्या मुलाचे असते. मेकॅनिकलच्या किती मुलांना नोकरी लागली, त्यांचा मधला पगार किती आणि त्यांतले किती यंत्रनिर्मितीतच राहिले, हे लेखी मागावे. एनबीए या राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाचे मानांकन शाखानिहाय असते, तेही मेकॅनिकलपुरते तपासावे.

पुणेच हवे असेल, तर कॅपच्या पर्याय अर्जात तेथील महाविद्यालयांच्या टीएफडब्ल्यूएस (शिक्षण शुल्क माफी योजनेच्या) जागा वर ठेवाव्यात. त्यांत शिक्षण शुल्क माफ असते, मात्र कटऑफ बहुधा चढा असतो आणि पुढे शाखा किंवा महाविद्यालय बदलता येत नाही. ते 50 हजार मात्र, प्रवेश रद्द केल्यास किती आणि कधी परत मिळतील हे लेखी हाती आल्याशिवाय भरू नयेत.