दिसलं ते लिही

बालमानसशास्त्राकडे वळायचंय असं सांगणारं तुझं पत्र दोनदा वाचलं. "मला लहान मुलं फार आवडतात" हे त्यात चार वेळा आलंय, आणि अगदी शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं, "गणित सोडलं तर चालेल ना?" नाही चालणार. मी सोडलं होतं. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षी संख्याशास्त्रातले प्रमाण विचलन आणि सहसंबंध पुढ्यात आले तेव्हा रडकुंडीला आले होते. गणित ठेव, जमलं तर जीवशास्त्रही. विषयांबद्दल पुन्हा विचारू नकोस.

मी अडले ते दुसऱ्याच वाक्यापाशी. धाकटी बहीण झाल्यापासून तुझा मामेभाऊ "असुरक्षित झालाय" म्हणे. असुरक्षितता कुठे दिसली तुला? त्याने केलं काय? सोडलेली बाटली परत मागितली? आईच्या मागे मागे फिरला? किती वेळा, कुणासमोर? यातलं एक अक्षर पत्रात नाही. म्हणून सांगते, एक वही घे. मामा-मामींना विचार, रोज दहा मिनिटं त्याच्याजवळ बस आणि दिसलं ते लिही. वाटलं ते नंतर, वेगळ्या पानावर.

शिकत असताना एका बालवाडीत निरीक्षणाला बसले होते. एका मुलाने शेजारणीचा ठोकळ्यांचा मनोरा पाडला. मी लिहिलं, "मत्सर." आमच्या बाईंनी वाचून एवढंच विचारलं, "पाडण्याआधी तो काय म्हणाला?" काहीतरी म्हणाला होता खरा. ओठ हललेले आठवत होते, शब्द नाही. माझं आधीच ठरलं होतं ना! त्या पानावर आता माझाच शब्द तेवढा उरलाय. विद्यार्थी मला खडूस म्हणतात, एका विशेषणासाठी अख्खं पान परत करते म्हणून. म्हणू देत. मी परत करणारच.

चार-पाच वर्षांच्या मुलासमोर दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घे. एकातलं उंच, अरुंद पेल्यात ओत. बहुतेक मुलं म्हणतात, यात जास्त झालं. आपण "चूक" लिहून पुढे गेलो असतो. मुलं विचार कसा करतात याचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे तिथेच थांबला आणि मुलाला त्याचं कारण विचारत बसला. स्वतःच्या तिन्ही मुलांचं तान्हेपण त्याने असंच टिपून ठेवलं होतं. डार्विनचा थोरला मुलगा 1839 सालचा. त्याच्या तान्हेपणी केलेल्या नोंदींवरचा लेख डार्विनने छापला 1877 मध्ये. नोंदी नीट होत्या म्हणून इतक्या वर्षांनीही कामाला आल्या. तुझ्या पत्रातलं "असुरक्षित" पुढच्या महिन्यात तुलाच उलगडणार नाही.

आणि हो, वहीतलं काही घरी कुणाला निदान म्हणून ऐकवू नकोस. मी तुझ्या वयात ऐकवायचे, त्याची अजून लाज वाटते.

पहिल्या आठवड्याची पानं पाठव. मामेभावाचं नाव मात्र खोडून.