‘कॅल्शियमचं इंजेक्शन’ म्हणजे कसलं?

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. आईच्या रक्तातलं कॅल्शियम फार वाढलं म्हणून बेळगावात दवाखान्यात ठेवलं होतं, तिथं कॅल्सिटोनिन टोचलं. औषध दुकानदार त्याला ‘कॅल्शियमचं इंजेक्शन’ म्हणाले. आधीच वाढलेलं असताना आणखी कॅल्शियम कशाला, असं घरच्यांना वाटलं. ताई विचारतात, हा शब्दप्रयोग चूक की बरोबर?

व्याकरणानं चूक नाही. पण या औषधासाठी तो वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

घोळ आहे ‘चं’मध्ये. तापाची गोळी ताप घालवते आणि लोहाची गोळी लोह देते. प्रत्यय एकच, अर्थ उलटे. एरवी गोंधळ होत नाही, कारण आधीचा शब्द दुखण्याचा असला की आपण ‘घालवणारी’ समजतो आणि पदार्थाचा असला की ‘देणारी’. काही शब्द मधल्यामध्ये सरकतात. साखर हा पदार्थ, पण ‘मामींना साखर आहे’ म्हटलं की तो आजार होतो, म्हणून ‘साखरेची गोळी’ मधुमेहावरची ठरते. ‘आईला कॅल्शियम आहे’ असं मात्र कोणी म्हणत नाही. कॅल्शियम अजून पदार्थच आहे, त्यामुळं ‘कॅल्शियमचं इंजेक्शन’ ऐकणाऱ्याला कॅल्शियम देणारंच वाटणार. कानडीत बोलूनही सुटका नाही. ‘ज्वरद गुळिगी’ म्हणजे तापाची गोळी, तिची रचना आपल्यासारखीच.

कॅल्सिटोनिन काम करतं ते नेमकं उलटं. ते एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन, आहे. हाडं झिजवून त्यातलं कॅल्शियम रक्तात सोडणाऱ्या पेशींना ते आवरतं आणि लघवीवाटे जास्त कॅल्शियम बाहेर जाऊ देतं. उतार काही तासांत दिसतो. मात्र दोनेक दिवसांत शरीर त्याला सरावतं, म्हणून बरोबर दुसरं, जास्त टिकणारं औषधही देतात. हेच कॅल्सिटोनिन पॅजेटच्या आजारात, म्हणजे हाडांची झीज-भर बिघडून ती वेडीवाकडी वाढतात त्यात, देतात. हाडांच्या ठिसूळपणासाठी आता त्याचा वापर बराच कमी झालाय: दीर्घकाळ घेणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण किंचित जास्त दिसल्यामुळं युरोपच्या औषध नियामकांनी 2012 मध्ये त्यासाठीचा नाकातला फवारा बंद करायला सांगितलं.

शब्दाचा काटेकोरपणा इथं का हवा? हाडांसाठी हे औषध चालू असेल, तर सोबत कॅल्शियमच्या गोळ्याही असू शकतात. रक्तातलं कॅल्शियम वाढलंय म्हणून दिलं असेल, तर त्या गोळ्या आणि ‘ड’ जीवनसत्त्व सहसा थांबवतात. घरी ‘आईला कॅल्शियम कमी आहे’ असा समज झाला, तर कपाटातली डबी पुन्हा उघडली जाईल.

नावाचाही उपयोग करून घेता येतो. 1962 मध्ये कॅनडाचे शास्त्रज्ञ हॅरोल्ड कॉप यांनी रक्तातल्या कॅल्शियमचा ‘टोन’, म्हणजे पातळी, राखणारं म्हणून ‘कॅल्सिटोनिन’ हे नाव दिलं. हे संप्रेरक आपल्या थायरॉइड ग्रंथीत तयार होतं, तरी त्याला ‘थायरॉइडचं इंजेक्शन’ म्हणू नये. थायरॉइडची रोजची गोळी अगदी वेगळी. वेष्टणावर ‘सॅमन’ दिसलं म्हणून शाकाहारी घरांनीही बिचकू नये. रचना त्या माशातल्या संप्रेरकाची आहे, कारण ती माणसातल्यापेक्षा जास्त प्रभावी ठरते; औषध मात्र प्रयोगशाळेत बनवलेलं असतं.

मग म्हणायचं काय? आपल्याकडं ‘वर’ आहे: सर्दीवर काढा, विंचवावर उतारा. ‘वाढलेल्या कॅल्शियमवरचं इंजेक्शन’ म्हटलं की शंका उरत नाही. त्याहून सोपं, ‘कॅल्शियम उतरवणारं इंजेक्शन’. ताप उतरतो तसं हेही उतरतं. कानडी बोलणाऱ्या सिस्टरांना ‘कॅल्शियम कडिमी माडो इंजेक्शन’ म्हणा. आणि ताई, आईच्या जुन्या गोळ्यांची डबी पुढच्या तपासणीला सोबत न्या. त्यातलं काय चालू ठेवायचं ते डॉक्टरांकडून एकेका गोळीचं नाव घेऊन विचारून घ्या.