रिपोर्ट नॉर्मल, तरी घरात सगळं बदललेलं

“मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. दिसायलाही ठणठणीत आहे. पण हा तो नाहीच. पूर्वीसारखा कधी होणार?”

डोक्याला मोठा मार लागून घरी परतलेल्या माणसाची बायको, आई किंवा भाऊ समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसले की पहिल्या काही मिनिटांत हा प्रश्न येतोच. कुणी जिन्यावरून पडलेलं असतं, कुणाला गाडीने उडवलेलं असतं. प्रश्न विचारताना आवाज मात्र सगळ्यांचाच खाली येतो, कारण जीव वाचला असताना तक्रार करायची लाज वाटते. या सगळ्यांसाठी एका जोडप्याचा अनुभव सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रोहन मोटरसायकल रेसर. शर्यतीत एका वळणातून बाहेर पडताना त्याच्या बाइकचं मागचं चाक घसरलं आणि क्षणात पुन्हा पकड मिळाली. रेसर ज्याला हायसाइड म्हणतात तो हाच प्रकार: बाइक झटक्यात उसळते आणि रायडर तिच्यावरून हवेत फेकला जातो. हेल्मेट उत्तम होतं, कवटीला तडाही गेला नव्हता. तरी काही दिवस तो बेशुद्ध होता. शुद्धीवर आल्यावरही बरेच दिवस सकाळचं दुपारी आठवत नव्हतं. माझ्याकडे आले तेव्हा अपघाताला सहा महिने उलटले होते. चालणं, बोलणं, खाणं, सगळं व्यवस्थित. टीममधले लोक ‘नशीबवान आहेस’ म्हणून पाठ थोपटत होते.

पहिल्या भेटीत रोहन हाताची घडी घालून बसला होता. “मला काही झालेलं नाही. हिला वाटतं म्हणून आलोय. तुम्ही फक्त लिहून द्या, मी फिट आहे.”

मीरा, त्याची बायको, त्याच्याकडे न बघता म्हणाली, “मुलीने गाणं म्हटलं तरी हा ओरडतो. मी एखादी गोष्ट सांगितलेली असते, हा विसरतो, आणि तू सांगितलंच नाहीस म्हणून भांडतो. शेजारच्यांना काय सांगू? त्यांना तर हा अगदी बरा दिसतो.”

“बघा,” रोहन म्हणाला, “हिचाच प्रॉब्लेम आहे.”

इथे थोडं थांबून एक गोष्ट समजावते, कारण ती कळली नाही तर पुढचं सगळं दोषारोपात जातं. हेल्मेट कवटी वाचवतं, धक्क्याचा जोरही कमी करतं. पण डोकं गर्रकन फिरलं की आतला मऊ मेंदू पिळवटला जातो आणि मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोचवणारे अतिशय सूक्ष्म तंतू ताणले जातात, काही तुटतात. ही इजा इतकी बारीक असते की सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसतच नाही. कपाळामागचा भाग दुखावला तर राग आवरणं, काम सुरू करणं, दोन गोष्टी एका वेळी सांभाळणं अवघड होतं. शिवाय स्वतःकडे बाहेरून बघण्याची ताकदही कमी होते. म्हणजे ‘आपलं काहीतरी बिघडलंय’ हे ज्या भागाने ओळखायचं, तोच जखमी. त्यामुळे रोहनचं ‘मला काही झालेलं नाही’ हे खोटंही नव्हतं आणि हट्टही नव्हता. त्याला ते खरंच दिसत नव्हतं. अशा माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. त्याला दिसेल अशी सोय करावी लागते.

पुढच्या भेटींमध्ये मोठमोठी नावं यायला लागली. टीममधल्या मित्रांनी रोहनला धीर द्यायला सांगितलेली. फॉर्म्युला वन या कार शर्यतींतला रेसर मिका हाकिनेन याची कवटी १९९५ साली ऑस्ट्रेलियात ॲडलेडला फुटली होती, ट्रॅकच्या कडेलाच त्याची श्वासनलिका उघडावी लागली होती, आणि १९९८ व १९९९ साली तो जगज्जेता झाला. त्याच शर्यतींतल्या फेलिपे मासाच्या हेल्मेटवर २००९ साली हंगेरीत पुढच्या गाडीतून सुटलेली स्प्रिंग आदळली. २०१० च्या पहिल्याच शर्यतीत तो दुसरा आला. रोहन महिने मोजत होता. “मासाला आठ महिने लागले. माझे आता होतील.”

हे दोन्ही किस्से खरे आहेत. पण मी त्याला तिसरं नाव दिलं, डेल अर्नहार्ट ज्युनियर. डोक्याला बसलेल्या मारामुळे २०१६ साली अमेरिकेतल्या नॅस्कार कार शर्यतींचा अर्धा मोसम त्याने सोडून दिला. बाहेरून काही दिसत नव्हतं, पण तोल जात होता, नजर स्थिर राहत नव्हती. त्याने ते मान्य केलं, उपचार घेतले, २०१७ मध्ये परतला आणि त्या मोसमानंतर पूर्णवेळ रेसिंग सोडलं. “यातला जिंकलेला कोण?” मी विचारलं. रोहनने उत्तर दिलं नाही. प्रत्येक मेंदूचा मार वेगळा असतो. दुसऱ्याच्या कॅलेंडरवर आपल्या तारखा टाकता येत नाहीत. हे त्याला त्या दिवशी पटलं असं मी म्हणणार नाही, पण महिने मोजणं मात्र थांबलं.

मीरानेही इंटरनेटवर शोधून ठेवलं होतं. फिनिअस गेज. अमेरिकेत रेल्वेमार्गाच्या कामावरचा मुकादम. १८४८ साली सुरुंगाची दारू ठासताना लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीच्या वरून बाहेर पडली. तो जगला, पण ‘हा आता गेज राहिला नाही’ असं त्याचे मित्र म्हणत, अशी नोंद त्याच्या डॉक्टरांनी केली. “म्हणजे हे असंच राहणार ना?” मीरा म्हणाली. तिला अर्धीच गोष्ट सापडली होती, आणि बहुतेकांना तेवढीच सापडते. उरलेली अशी की गेज पुढे चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं प्रवासी घोडागाडी हाकत होता. ठरलेला रस्ता, ठरलेल्या वेळा, उतारूंशी बोलणं, घोडे सांभाळणं. त्याच्या चरित्राचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांना यात असं दिसतं की तो बराचसा सावरला होता आणि ठरलेल्या दिनक्रमाने त्याला हात दिला असावा. मला ही दुसरी अर्धी गोष्ट फार मोलाची वाटते. मीराने ती वहीत लिहून घेतली.

आता मुख्य प्रसंगाकडे येते. रोहन दर भेटीत म्हणायचा, “मला ठीक वाटतंय.” एकदा मी सहज विचारलं, “सराव संपवून तुम्ही पिटमध्ये येता, तेव्हा पहिल्यांदा काय करता?”

“इंजिनिअरबरोबर बसतो. कुठल्या वळणावर बाइकने काय केलं ते सांगतो.”

“तुम्ही सांगता पुढचं चाक घसरतंय. बाइकवरच्या सेन्सरचा डेटा सांगतो तुम्ही ब्रेक उशिरा सोडला. मग?”

तो पहिल्यांदाच हसला. “भांडतो.”

“आणि नंतर?”

“डेटाचं ऐकतो. ऐकावंच लागतं. हेल्मेटच्या आत जे वाटतं ते प्रत्येक वेळी बरोबर नसतं.”

मी काही बोलले नाही. त्याचं त्यालाच ऐकू जावं एवढीच माझी इच्छा होती. थोड्या वेळाने तो मीराकडे वळून म्हणाला, “माझा डेटा कोण ठेवतंय?”

त्या दिवशी आम्ही एक साधा तक्ता आखला. वेळ, काय चाललं होतं, भोवती किती आवाज होते, आदल्या रात्री झोप किती झाली, आणि भडका उडाला का. मीराने फक्त नोंद करायची, शेरा मारायचा नाही. ‘उगाच चिडला’ लिहायचं नाही, ‘ओरडला’ एवढंच. ही अट मी कडक ठेवली, कारण शेरा आला की डेटा संपतो आणि भांडण सुरू होतं.

पुढच्या भेटीला रोहन तक्ता स्वतः घेऊन आला. टेबलावर पसरला, खिशातून पेन काढलं आणि लॅप टाइम वाचावेत तसा एकेक ओळ वाचू लागला. सकाळी एकही भडका नाही. दुपारी झोप घेतलेल्या दिवशी संध्याकाळ शांत. टीव्ही चालू, त्यात फोन, त्यात मुलगी काहीतरी विचारतेय, तिथे पेनने गोल. पाहुणे येऊन गेल्यावर गोल. रात्री नीट झोप न झालेल्या दिवशी चार गोल. तो तसाच गोल करत गेला. मग पेन खाली ठेवलं.

“मी रागीट नाही झालोय,” तो हळूच म्हणाला. “मी दमतोय.”

मीरा रडायला लागली. कितीतरी वेळ रडत होती. शेवटी म्हणाली, “मला वाटलं, आता आम्ही तुला नकोसे झालोय.”

माझ्या कामात असे क्षण रोज येत नाहीत. त्या एका वाक्याने दोघांच्याही डोक्यावरचा आरोप उतरला. दुखावलेल्या मेंदूला साधी कामंही जास्त श्रमाने करावी लागतात. गर्दी, प्रकाश, दोन माणसांचं एकदम बोलणं यांनी तो लवकर थकतो, आणि थकला की आवर घालणारा भाग पहिल्यांदा हात टेकतो. हे मी आधी सांगितलं होतंच. पण मी सांगणं आणि त्याने स्वतःच्या पेनने गोल करणं यात फार अंतर आहे.

माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत झाली आहे. माणूस स्वतःवर ज्या अटी लादतो त्या सैल करणं हे तिचं काम. रोहनच्या मनात अट होतीच: पूर्वीसारखी रेस करता आली नाही तर मी कुणीच नाही. पण अनुभवाने मी एक क्रम ठरवला आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या विचारांना हात घालण्याआधी त्याचा थकवा बघायचा. दमलेल्या मेंदूशी तर्काने बोलणं म्हणजे त्याच्यावर आणखी एक आवाज लादणं. रोहनची झोप आणि विश्रांती जागेवर आली, मगच आम्ही त्या अटीवर बोललो. पूर्वीसारखं व्हावं ही इच्छा त्याने ठेवावी, मनापासून ठेवावी. पण ‘नाहीतर मी शून्य’ हे वाक्य त्याने एके दिवशी मोठ्याने उच्चारलं आणि म्हणाला, “हे मी माझ्या मुलीला कधी म्हणेन का?” तिथून काम सोपं झालं.

मीराचं दुःख वेगळं होतं, आणि ते सहसा कुणी विचारत नाही. “तो समोर बसलाय, मग मला त्याची आठवण कशी येते?” ती म्हणाली. अमेरिकन अभ्यासक पॉलिन बॉस यांनी अशा दुःखाचा अभ्यास केला आहे: माणूस समोर असतो आणि तरी आपल्याला ओळखीचा असलेला तो हरवलेला असतो. अंत्यविधी नाही, सांत्वनाला कुणी येत नाही, उलट ‘देवाचे आभार मान’ असं सांगितलं जातं. मी मीराला सांगितलं की आभारही मानायचे आणि रडायचंही. दोन्ही एकाच घरात राहू शकतं.

घरच्यांना माझं सांगणं असं. बोलताना टीव्ही बंद करा, एका वेळी एकानेच बोला, प्रश्न एकच विचारा. लक्षात ठेवायच्या सगळ्या गोष्टींसाठी एकच वही आणि तिची एकच जागा ठेवा; ‘आठवून बघ’ म्हणून परीक्षा घेऊ नका. विश्रांती भडका उडाल्यावर देऊ नका, आधीच द्या, घड्याळ लावून. भडका उडालाच तर त्या वेळी समजावू नका. आवाज कमी करा, बाजूला व्हा, दुसऱ्या दिवशी सकाळी बोला. तरीही मारहाणीची भीती वाटत असेल तर ‘मेंदूला मार आहे’ म्हणून सहन करत राहू नका, आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठेवा. दारू पूर्ण बंद. दुखावलेल्या मेंदूला ती सोसत नाही आणि आकडीचे झटके येण्याचा धोका वाढतो. डोकेदुखी वाढत चालली, वारंवार उलट्या झाल्या, गुंगी वाढली किंवा झटका आला तर समुपदेशकाची वेळ घेत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि ‘जगावंसं वाटत नाही’ असं काही मनात येतं का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. डोक्याला मार लागल्यानंतर नैराश्याचा धोका वाढतो. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

किती दिवस लागतील? सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने दिसते, मग वेग कमी होतो, पण ती पुढे कित्येक वर्षं होत राहू शकते. ‘दोन वर्षांत जे व्हायचं ते होतं’ असं कुणी सांगितलं तर ती भिंत समजू नका.

ते फिटनेसचं पत्र मी दिलं नाही. रेसिंगला परत जायचं की नाही हे न्यूरॉलॉजिस्टने तपासून सांगायचं असतं, कारण पहिला मार पुरता भरून आलेला नसताना दुसरा बसला तर तो जिवावर बेतू शकतो. रोहनचा तो निर्णय अजून व्हायचा आहे. सध्या तो सकाळच्या वेळात टीममधल्या नव्या रायडर्सबरोबर बसून त्यांचा डेटा वाचतो, दुपारी घरी येऊन झोपतो. तक्ता आता तो स्वतः भरतो. मीराने सोडलेली नोकरी पुन्हा धरली आहे, आणि गेल्या भेटीत ती पहिल्यांदाच फक्त स्वतःविषयी बोलली.